जाहीर आभार

सांधेदुखीसाठी आठवडी बाजारातून घेतलेल्या, वेष्टनावर नाव, घटक वा मुदत काहीही न छापलेल्या गोळ्या खाऊन आमचे वडील एसटीत घामाने डबडबले आणि असंबद्ध बोलू लागले, तेव्हा ज्या भगिनीने मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा इतरांचा आग्रह ठामपणे मोडून काढला आणि त्यांना गिळता येते याची खात्री करून साखरपाणी दिले, त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. चालक-वाहकांनी गाडी थेट रुग्णालयाच्या दारात नेली. वडिलांच्या खिशातली गोळ्यांची उरलेली पुडी डॉक्टरांच्या हाती देणाऱ्या तरुणाचे ऋण तर विशेष आहे, कारण ती पाहूनच मधुमेहाच्या औषधाच्या भेसळीची शंका डॉक्टरांना आली. ग्लिबेनक्लामाइडसारख्या, रक्तातली साखर उतरवणाऱ्या मधुमेहाच्या औषधाचा परिणाम दिवसभराहून अधिक टिकू शकतो, त्यामुळे ग्लुकोज देऊन सावरलेली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणूनच त्यांना बरे वाटत असतानाही (आणि घरी जाण्याचा त्यांचा हट्ट चालू असतानाही!) ठेवून घेतले गेले. रात्रभर ठरावीक वेळाने रक्त तपासणाऱ्या परिचारिकांचे, तसेच वरील सर्वांचे आम्ही कुटुंबीय मनःपूर्वक आभार मानतो.