भरीत पार्टी आणि पाडळसरे

महोदय,
निवडणूक लागली की आमच्या अमळनेर तालुक्यात मळ्यामळ्यांत भरीत पार्ट्या सुरू होतात. परवा कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात, सगळं होतं. उमेदवाराच्या गळ्यातला गमछा मात्र गेल्या वेळेपेक्षा वेगळ्या रंगाचा. कुणी हसलंही नाही, इतकी सवय झालीय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग आपणच आणला, असं ते सांगत होते. (धुळ्याकडचे उमेदवारही हेच सांगतात म्हणे.) मी तापीवरच्या पाडळसरे धरणाचं विचारलं. वीस वर्षांहून जास्त रखडलंय ते. "करू ना भाऊ!" म्हणत त्यांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. भरीत झकास होतं. धरणाची तारीख तेवढी राहिली.

– एक शेतकरी, अमळनेर