टीव्हीवर परत कोण कोण आलंय ते सांगते

सांगली,
२०२५, दिवाळीनंतरचा रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुजे,

अगं तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला आणि आज सकाळी चहा ठेवताना परत ऐकला. दोन वर्षं मराठी काहीच बघितलं नाही, आता ड्युटी बदललीय, संध्याकाळ मोकळी मिळायला लागलीय, तर काय बघू ते सांग म्हणालीस ना. आता हे काय दोन ओळीत सांगण्यासारखं आहे का, इतकं काय काय झालंय या दोन वर्षांत, म्हणून सरळ लॅपटॉप घेऊनच बसले. आई आत झोपलीय. टीव्ही म्यूट करून ठेवलाय, कुठलंतरी रिपीट लागलंय, पण घरात टीव्ही चालू नसला की मला लिहायला सुचत नाही, तुला माहितीये.

आधी मोठी गोष्ट सांगते. 'ठरलं तर मग'मधली आपली पूर्णाआजी, म्हणजे ज्योती चांदेकर, गेल्या गं. १६ ऑगस्टला, पुण्यात. तेजस्विनी पंडितची आई म्हणून बातमी सगळीकडे होती, तुझ्यापर्यंत कदाचित पोचलीही असेल. पण तू सिरीयल सोडलीस तेव्हा कुठे होती आठव, सायली अर्जुनचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज चालू होतं आणि आजीला सायली डोळ्यासमोर नको असायची. ती तन्वी तन्वी करत बसायची, लेकीची लेक, हरवलेली. आणि आपल्याला पहिल्यापासून माहिती की सायलीच खरी तन्वी आहे, ती प्रिया खोटी. म्हणजे बघ, जिच्यासाठी आजी एवढा जीव टाकते तीच तिला ताट वाढतेय, औषध देतेय, बोलणी खातेय, आणि आजीला पत्ताच नाही. ही सिरीयल तीन वर्षं टीआरपीत वर का राहिली याची लोक काय काय कारणं सांगतात, पण मला विचारशील तर या एका गोष्टीसाठी. आजीला कधी कळणार? त्या दिवशी तिचा चेहरा कसा होणार? आपण त्या चेहऱ्यासाठी थांबलेलो गं, आणि तो चेहराच गेला.

माझी आजी पण याच वाटेकडे डोळे लावून होती. तुला आमचा पुढच्या खोलीतला कॉट आठवतो ना, खिडकीपाशी? तिथं बसून बघायची ती, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला, साडेआठची बीपीची गोळी हातात धरून. सिरीयल लागल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. आम्ही म्हणायचो अगं घे, तर म्हणायची थांब, पूर्णा येऊदे. नाव घेऊन, एकेरी, जशी शेजारची बाई. आणि सायलीवर पूर्णाआजी चिडली की ही इकडून ओरडायची, "अगं तुझी नात हाय की ती, बघ की नीट!" मागच्या वर्षी माघात गेली आजी, तिलाही ते बघायला मिळालं नाही. ज्योतीताई गेल्याचं कळलं त्या रात्री आईने काही न बोलता हॉटस्टारवर जुना एपिसोड लावला, अगदी सुरुवातीचा. आम्ही दोघी जेवण पुढ्यात घेऊन बघत होतो आणि साडेआठ वाजले तसं आईने सवयीने कॉटकडे बघितलं. मला तेव्हा रडू आवरलं नाही.

त्यांचं काम तू नीट बघ एकदा. त्या मोठ्याने बोलायच्या तेव्हा नको बघूस, गप्प बसून दुसऱ्याचं ऐकायच्या तेव्हा बघ. मान जराशी कलती आणि ओठ घट्ट, की समोरच्याला वाटलंच पाहिजे आपण चुकलो. अशी बाई प्रत्येक मोठ्या घरात असते, तिला काही सांगायचं म्हणजे आधी दोन दिवस मनाची तयारी करावी लागते. ते काय लिहून मिळत नाही गं स्क्रिप्टमध्ये.

आता त्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्यात. मी प्रोमो बघितला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की नको, बघायचंच नाही. मग दुसऱ्या मिनिटाला आठवलं, अगं या तर आपल्या आईआजी! हॉस्टेलचा टीव्ही रूम आठव. २०१३ ते २०१६, 'होणार सून मी ह्या घरची', आठ वाजता. मेसच्या मावशी आठच्या आत वाढून मोकळ्या व्हायच्या आणि पदराला हात पुसत आपल्या मागे येऊन उभ्या राहायच्या, बसायच्या नाहीत कधी. श्री, जान्हवी, सहा सासवा आणि मध्ये एकट्या आईआजी सगळं घर धरून. आणि त्याच्या आधी आपल्या आयांनी त्यांना 'चार दिवस सासूचे'मध्ये अकरा वर्षं बघितलेलं. म्हणजे बघ, माझ्या आईसाठी त्या आशालता देशमुख, आपल्यासाठी आईआजी, आणि आता पूर्णाआजी. त्यांच्या जागी दुसरी कोणी आली असती तर मी खरंच सोडली असती सिरीयल. मी अजून हळूहळू सवय करतेय. त्यांनी ज्योतीताईंची नक्कल करू नये एवढीच माझी इच्छा आहे, त्यांनी त्यांची स्वतःची पूर्णा करावी, आपण घेऊ जमवून.

हे चेहरे बदलण्याचं प्रकरण मी फार मनाला लावून घेते असं तू म्हणायचीस. पण सुजे, तूच 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये शनाया बदलली तेव्हा दोन आठवडे बघायची बंद झाली होतीस! ईशा केसकर वाईट नव्हती, चांगली होती, पण रसिका सुनीलची ती लाडात येऊन बोलायची ढब डोक्यात बसलेली. आणि पुढे रसिका परत आली तेव्हा तू मला रात्री पावणेनऊला फोन करून नुसती ओरडली होतीस. 'रात्रीस खेळ चाले'चं तेच. दुसऱ्या भागातली अपूर्वा नेमळेकरची शेवंता ज्याने बघितली त्याला तिसऱ्या भागात मध्येच दुसरी शेवंता कशी चालेल? कृतिका तुळसकरने मेहनत केली, मी नाही म्हणत नाही. पण वाडा तोच, माधव अभ्यंकरांचे अण्णा तेच, पांडू तोच, आणि शेवंता अनोळखी. भुताची भीती वाटायला पण आधी ओळख लागते गं, ती ओळखच तुटली.

बरं, आता ज्याबद्दल तू मुद्दाम विचारलंस ते, 'चला हवा येऊ द्या'. हो, परत आलंय, २६ जुलैला सुरू झालं, नाव 'कॉमेडीचं गँगवॉर'. मार्च २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा साडेनऊ वर्षं झाली होती त्याला, मी तेव्हा म्हटलेलं की आता नाही येणार. आलं. अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालन करतोय, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधला आपला गुरुनाथच की! श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे आहेत, आणि हास्यजत्रेतला गौरव मोरे आलाय, प्रियदर्शन जाधव आलाय. या पाच जणांच्या पाच गँग आणि त्यात महाराष्ट्रातनं ऑडिशन घेऊन निवडलेली नवीन पोरंपोरी. ही कल्पना मला मनापासून आवडली. एखादं गावाकडचं पोरगं स्टेजवर आलं की पहिलं वाक्य बोलेपर्यंत त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नाही, आणि मग पहिला हशा पडला की खांदे एकदम खाली येतात. मी प्रत्येक वेळी तेवढ्यासाठी बघते. श्रेयाला तोड नाही, ती दहा वर्षांपूर्वी होती तशीच अजून समोरच्याला सावरून घेते, नवीन पोरगी अडखळली तर ही असं काही बोलते की अडखळणं स्किटचाच भाग वाटतं.

पण निलेश साबळे नाही. भाऊ कदम नाही. "हसताय ना? हसायलाच पाहिजे" हे निलेशचं कानात बसलंय ना आपल्या, ते ऐकू आलं नाही की सोमवार सोमवारसारखा वाटत नाही, आणि आता तर वारही बदललेत, शनिवार रविवार झालंय. भाऊ नुसता येऊन उभा राहायचा गं, काही बोलायच्या आधी, आणि आमच्या घरात आजीसकट सगळे हसायला लागायचे. आणि सगळ्यात जास्त आठवण कोणाची येते सांगू? पोस्टमनकाकांची. सागर कारंडे तर शो बंद व्हायच्या आधीच बाहेर पडले होते, पण मला वाटत होतं नवीन पर्वात ते पत्र तरी येईल. तो खाकी ड्रेस, ती पिशवी, हसून हसून पोट दुखल्यावर अचानक ते पत्र काढायचे आणि सगळं शांत. अरविंद जगताप लिहायचे ती पत्रं. शेतकऱ्याचं, जवानाचं, बापाचं. माझे बाबा ज्यांनी आयुष्यात टीव्हीवरच्या कशाला चांगलं म्हटलं नाही ते त्या पत्राला आवाज वाढव म्हणायचे. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हापासून तेच डोक्यात आहे, की आपण पण हल्ली कुठे लिहितो एकमेकींना.

तर नवीन काय बघायचं. सुजे, तू 'वीण दोघांतली ही तुटेना' बघ. आजच सुरू कर, झी मराठी, ११ ऑगस्टपासून आलीय, तेजश्री प्रधान आणि सुबोध भावे. तेजश्रीने जानेवारीत 'प्रेमाची गोष्ट' मध्येच सोडली तेव्हा मला फार लागलं होतं, मुक्ताच्या जागी स्वरदा ठिगळे आली आणि मी बघायची थांबले. मग ही आली. सिरीयल नवीन, चॅनेल मात्र जुनंच, जिथे ती 'होणार सून'मधली जान्हवी होती तेच, आणि मला पहिल्या एपिसोडलाच वाटलं की खरं परत येणं हे आहे. यात ती स्वानंदी आहे, लग्नाचं वय उलटलं असं लोक ज्या बाईला तोंडावर म्हणतात तशी बाई. समर, म्हणजे सुबोध भावे, आणि ती, दोघंही आपापल्या धाकट्यांसाठी जगतात, तिचा भाऊ आणि त्याची बहीण प्रेमात, आणि हे दोघं थोरले एकमेकांसमोर उभे राहतात ते आधी भांडायलाच.

एक सांगते, हे कोणाला सांगितलेलं नाही. सुरुवातीच्या एका एपिसोडला स्वानंदीच्या लग्नावरून घरात बोलणं निघतं आणि ती हसून विषय बदलते. तेजश्री हसते पण डोळे हसत नाहीत, आणि हात चालूच असतात, काम थांबत नाही तिचं. मी त्या वेळी भाजी निवडत होते. आईने रिमोट घेतला आणि हळूच आवाज कमी केला. मला वाटलं फोन आला असेल. फोन नव्हता. मी तेहतिसावं संपवतेय, गेल्या चार वर्षांत आमच्या घरी किती पोहे झाले तुला माहितीये, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी एक शब्द नीट बोललो नाही. त्या रात्री एपिसोड संपल्यावर आई म्हणाली, "तुला नको असेल तर आपण नाही सांगू." एवढंच. कुठलं स्थळ, कोण, काही नाही, मला कळलं. सिरीयलला नावं ठेवणाऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत, आमच्या घरातलं हे बोलणं साडेसातच्या सिरीयलने करून दिलं.

बाकीचं पटपट. 'देवमाणूस' तिसऱ्यांदा आलंय, जूनपासून, 'मधला अध्याय', किरण गायकवाड आता गोपाळ नावाचा टेलर. किरण चांगलाच करतो, नजर तशीच आहे, पण पहिल्या भागात सगळं गाव डॉक्टर म्हणून त्याच्यासाठी दार उघडायचं आणि आपल्या पोटात गोळा यायचा, ते आता होत नाही, आपल्याला सगळं आधीच माहिती असतं. ठीक आहे, रात्री एकटी असशील तर नको बघू. 'लक्ष्मी निवास' बघच, हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी, स्वतःचं घर बांधायचं स्वप्न घेऊन बसलेलं म्हातारपणाकडचं जोडपं. अक्कासाहेब बघितलेल्या आपण, 'पुढचं पाऊल'मध्ये, त्याच हर्षदाताई इथे इतक्या मऊ आहेत की ओळखू येत नाहीत. फक्त त्यातला तो जयंत, बायकोवर पाळत ठेवणारा, तो ट्रॅक फार ताणलाय, त्या बायकोची, जान्हवीची घुसमट बघवत नाही, मी तेवढा वेळ उठून कुकर लावते. 'तारिणी'त शिवानी सोनार आहे, 'राजा रानीची गं जोडी'तली आपली संजू, परत पोलीस. 'कमळी' आई बघते, मी अधूनमधून.

तू असं कर. 'वीण दोघांतली' पहिल्यापासून लाव, रोज दोन एपिसोड. 'ठरलं तर मग' पहिल्यापासून नको, हजाराच्या आसपास एपिसोड होतात, जीव जाईल, पण ज्योतीताईंचे म्हणून सुरुवातीचे दहा तरी बघ आणि मग थेट आत्ताचे. आणि ज्या दिवशी पूर्णाआजीला सायलीचं कळेल असा प्रोमो येईल त्या दिवशी मी तुला मेसेज टाकीन, ते मात्र तू एकटीने बघायचं नाहीस. मी व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवीन, कॉटवर, खिडकीपाशी. तुझ्याकडे तेव्हा सात वाजले असतील, ड्युटी असली तर आधीच कोणाशी तरी बदलून घे.

आईने चकली आणि शंकरपाळ्याचा डबा भरून ठेवलाय, तुझ्या भावाला म्हणावं जायच्या आधी दोन दिवस सांग.

तुझीच,
मनू