धूर नको, दरवळ हवा

दिवसभराचा ताण उतरवायला संध्याकाळी घरात ऊद (निखाऱ्यावर घालायचा सुगंधी डिंक) घाला, असा सल्ला अलीकडे सर्रास दिला जातो; ऊदाच्या धुराने ताण उतरतो हे ‘शास्त्राने सिद्ध’ झालंय, असंही वर सांगतात. सल्ला वाईट नाही. ऊद घालायची पद्धत मात्र बहुतेक घरांत चुकते. रसरशीत निखाऱ्यावर चमचाभर पूड टाकली की खोलीभर धूर होतो, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. अशाने शिणलेलं डोकं हलकं कसं होणार?

यात दोष आचेचा असतो. ऊदात बेन्झॉइक आम्ल असतं, त्या आम्लाचं नावच मुळी ऊदावरून पडलं. मंद आचेवर ऊद नुसता पाघळतो आणि व्हॅनिलाच्या वळणाचा गोडसर वास येतो. आच वाढली की आम्लाची वाफ होऊन ठसका लागतो आणि उरलेला ऊद करपतो.

म्हणून धुपाटण्यात दोन बोटं राख घ्यावी. करवंटीचा निखारा तिच्यावर ठेवून त्याला सगळीकडून पांढरी साय धरू द्यावी. मग वरून चिमूटभर राख भुरभुरावी आणि हरभऱ्याएवढा एकच खडा ठेवावा. खडा फसफसून काळा धूर निघू लागला, तर चिमट्याने बाजूला घेऊन राख वाढवावी. झटकन पेटणाऱ्या तयार कोळशात सोरा असतो, त्याचा वास विरेपर्यंत ऊद घालू नये. एक खडा पुरतो. खिडकी उघडी हवीच, कारण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. दमेकरी किंवा तान्हं मूल असलेल्या खोलीत हा प्रयोग नको (बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीलाही हेच लागू).

ऊद घेताना खडा फोडून पाहावा. सुमात्राच्या ऊदात तांबूस गाभ्यात पांढरे दाणे दिसतात. टर्पेंटाइनचा वास आला, तर ती राळ समजावी.

राहता राहिला ‘शास्त्राने सिद्ध’ हा दावा. त्यासाठी 2008 सालच्या ज्या संशोधनाचा दाखला देतात, ते सालईच्या जातकुळीतल्या झाडाच्या डिंकातल्या एका घटकावर होतं. तो घटक उंदरांना टोचला होता, धुरी दिली नव्हती. ऊदाचा त्यात संबंधच नाही. ओळखीच्या वासाने आणि दहा मिनिटं स्वस्थ बसण्याने बरं वाटतं, हे खरं. पण दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर धुपाटणं बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावं किंवा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा.

– एक वाचक