मंगल कार्यालयासमोरचे ‘करबुडवे’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवर तुम्ही फोटोसकट छापलंय की परराज्यातल्या पासिंगच्या गाड्या शहरात सर्रास फिरतात आणि सरकारचा टॅक्स बुडवतात. फोटोत केए म्हणजे कर्नाटक पासिंगच्या सहा गाड्या ओळीनं उभ्या. साहेब, मागची ती भिंत मी ओळखतो, ते मंगल कार्यालय आहे, परवा मी तिथंच पंगतीला होतो, मठ्ठा झकास झाला होता. मुलगी इथली, नवरा मुलगा निपाणीकडचा. मग वऱ्हाडानं कशात यायचं, बैलगाडीत? बाहेरच्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपर्यंत ठेवता येते, त्यापुढं नवीन नंबर घ्यायचा, असं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ मध्ये लिहिलंय. लग्नं अजून तरी एका दिवसात उरकतात.

आणि टॅक्स चुकवायला माणूस कर्नाटकात जाईल कशाला हो? माझी गाडी तिकडंच घेतलेली, २०१७ ची, पेट्रोल, सहा-साडेसहा लाखाची. त्या किमतीला तिकडं १४ टक्के, वर सेस वेगळा. इथं महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. म्हणजे आम्ही जास्त भरून करबुडवे. महागड्या गाड्या पुदुच्चेरीला नेऊन कोण पासिंग करतं ते शोधा की, तो फोटो छापा, मी अंकाच्या दोन प्रती घेईन.

आता माझंच सांगतो. नोकरीमुळं बरीच वर्षं कर्नाटकात काढली, रिटायर होऊन परत आलो. तिसऱ्या आठवड्यातच शहरात शिरताना चौकात हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. बारा महिन्यांचं सांगितलं तर म्हणाले, आलाय कधी त्याचा पुरावा दाखवा. बरं झालं फास्टॅगचे मेसेज डिलीट केले नव्हते, हद्दीवरच्या कोगनोळी टोलनाक्याचा मेसेज तारखेसकट दाखवला तेव्हा सुटलो. म्हटलं कशाला ही रोजची कटकट, सरळ कायद्यानं जाऊ, नंबर बदलून घेऊ. इथं चुकलो.

आधी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. फॉर्म २८, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (बॉनेट उघडून कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची, या वयात मी ते रस्त्यावर उकिडवं बसून केलं), गाडी चोरीची नाही याचा दाखला. अर्जावर तीस दिवसांत काही कळवलं नाही तर एनओसी मिळाली असंच समजायचं, हे कलम ४८ मध्ये आहे. मला सत्तेचाळीस दिवस लागले. एकतिसाव्या दिवशी ते कलम छापून खिडकीवर नेलं तर तिथले साहेब चांगल्या मराठीत म्हणाले, काका, तुमचं बरोबर आहे, पण आमच्या स्क्रीनवर ‘समजायचं’ असं बटण नाही.

मग इकडं फॉर्म २७, गाडी दाखवायला न्या, आणि गाडीचं वय धरून टॅक्स परत भरा. तिकडं पंधरा वर्षांचा एकदम भरलेला, त्यातला उरलेला परत मिळतो, पण नवीन आरसी घेऊन आपणच तिकडं जायचं, अर्ज करायचा आणि वाट बघायची. बघतोय.

पण पैशापेक्षा मला नंबर जाणं मनाला लागलं. ४४२७ हा आमच्या वडिलांच्या स्कूटरचा नंबर. गाडी घेतली तेव्हा तिकडं जादा पैसे भरून तोच मागून घेतला होता. राज्य बदललं की नंबर गेला, पुढची अक्षरं जाणारच हे मान्य, पण शेवटचे चार आकडे तरी? तर म्हणे चालू सिरीज ४४२७ च्या केव्हाच पुढं गेली, थांबा नाहीतर वेगळ्या सिरीजमधून घ्या, तिप्पट फी भरून. ऑगस्ट २०२४ मध्ये चॉईस नंबरची फी वाढली, ०००१ मुंबई-पुण्यात सहा लाखाला, ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. मी काही ०००१ मागत नव्हतो. ४४२७ ला माझ्याशिवाय जगात कुणी विचारत नसेल.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्यानं नॉर्दर्न आयर्लंडकडचा नंबर विकत घेऊन आपल्या गाडीला लावला. त्यात आय किंवा झेड असतं आणि त्यावरून गाडी कुठल्या सालची ते कळत नाही, म्हणून तिकडं त्याला मागणी. बदलीची सरकारी फी ८० पौंड, घरी बसून केलं. गाडी विकताना नंबर काढून ठेवता येतो, नव्या गाडीला लावता येतो. फक्त गाडी आहे त्याहून नवी दिसेल असा नंबर लावायचा नाही. मला म्हणाला, मामा तुम्ही पण ऑनलाइन करून टाका ना. मी फोन ठेवला.

आपल्याकडं २०२१ ला बीएच (म्हणजे भारत) सिरीज आली, राज्य बदललं तरी नंबर तोच. पण ती सरकारी नोकरांना, लष्करातल्यांना, नाहीतर चार राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपनीतल्यांना. आमच्या मालकाचा एकच कारखाना होता आणि त्यालाही एकच गेट.

केए नंबरची हाय सिक्युरिटी पाटी नुकतीच लावलेली, ती काढायला गेलो तर स्नॅप लॉक निघेना. तो एकदाच बसतो, परत काढायचा नसतोच. मेकॅनिकनं ड्रिल लावलं आणि मी दुसरीकडं बघत उभा राहिलो. नवीन पाटीचे ७४५ अधिक जीएसटी. नवा नंबर आठवायला अजून मोबाईल बघावा लागतो. बायको म्हणते बेरीज सात येते, चांगला आहे.

तेव्हा एवढीच विनंती, त्या सहा गाडीवाल्यांची माफी छापा, कोपऱ्यात छापली तरी चालेल. नवऱ्या मुलाकडच्यांनी कालचा अंक इथंच चहा पिताना वाचलाय.

आणि एक, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं पुढच्या रविवारी देतो म्हणून छापता आणि दोन आठवडे झाले देत नाही. आडवे ११ मला अजून सुटलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक (आता एमएच पासिंग)