लेनाकाठच्या क्रुसांची निगा राखणाऱ्यांना

सायबेरियातल्या याकूतियात, लेना नदीच्या मुखाकडच्या तित-आरी बेटावर १९४२ साली सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेल्या लिथुआनियन कुटुंबांना मासेमारीसाठी आणून सोडलं. त्यातल्या कितीतरी जणांच्या कबरी तिथेच आहेत. त्या सांभाळणाऱ्या, नाव न सांगणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

तुम्ही केलंत ते साधं काम नाही. तिथली जमीन खाली कायमची गोठलेली. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, पाणी मुरायला वाट नसते, म्हणून लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा क्रूस नेमका जमिनीलगत कुजतो. वरचं लाकूड मात्र ठणठणीत! थंडीत गोठणारी माती फुगते, खांबाला दरवर्षी थोडं वर ढकलते आणि एक दिवस तो आडवा होतो. तुम्ही मूळ क्रूस टाकून दिला नाहीत. कुजलेला भाग कापून नवा बुंधा जोडलात, दोन बोल्ट वरखाली मारलेत, खड्ड्यात मातीऐवजी दगडगोटे भरलेत. पाणी निचरतं, पकड राहते.

त्याहून मोठे आभार अक्षरांवर अंदाजाने रंग न फिरवल्याबद्दल. लिथुआनियन आडनावात शेवटी ‘-इएने’ असेल तर बाई विवाहित, ‘-आइते’ असेल तर अविवाहित. हा शेवट चुकला की आईची मुलगी होते. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही. मध्यरात्रीच्या तिरप्या उजेडात पुसट कोरीवकाम उठून दिसतं, आणि तुम्ही फोटो नेमके त्याच वेळी काढलेत.