ओट्याखालच्या कपाटांबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं पूर्ण होत नाही. कपाटांचा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात, आणि आई माझ्या जेवणाची चौकशी करते. म्हणून लिहायला बसले.

ओट्याखालची कपाटं पूर्ण काढायची, असं मी आणि दादाने ठरवलं आहे. सुतारकाकांना अ‍ॅडव्हान्स देऊन झाला. संक्रांत झाली की काम सुरू होईल, आणि शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा स्वयंपाकघर पुन्हा लावून झालेलं असेल. तुम्हाला न विचारता पैसे दिले म्हणून बाबा रागावतील, ते मला ठाऊक आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला असतात, आणि मधे आणखी एक पावसाळा गेला असता. आईचा खोकला बघता मला तो पावसाळा नको होता.

बाबा, तुमचं म्हणणं मी नीट ऐकलं आहे. दारं बदलायची गरज नाही, सागवान आहे, रंधा मारून पॉलिश केलं की नव्यासारखी होतील, बिजागऱ्या तेवढ्या बदला. दारांबद्दल तुम्ही अगदी बरोबर आहात. इतर घरांत दारं खराब होतात आणि आतला सांगाडा धड असतो, तेव्हा नुसती दारं बदलून काम भागतं, खर्चही पुष्कळ वाचतो. आपल्याकडे नेमकं उलटं झालंय. 2021 च्या पुराच्या पाण्यात सागवान तगलं, आतले प्लायचे खण मात्र संपले. दिवाळीत तुम्ही दुपारी पडला होतात तेव्हा सुतारकाका येऊन गेले. सिंकखालच्या खणात त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो जोर न लावता आत गेला. गॅसच्या बाजूच्या खणावर बोटाने वाजवलं की पोकळ वाजतं. आतून वाळवीची मातीची रेघ थेट डाळींच्या डब्यापर्यंत गेलेली आहे. बिजागरीचे स्क्रू तुम्ही दर दोन महिन्यांनी काडीपेटीची काडी घालून घट्ट करता ना? स्क्रूला धरायला आत लाकूडच उरलेलं नाही. त्यावर कितीही चांगलं दार लावलं तरी ते लटकणार.

आणि वास. आई, तू म्हणतेस की तांदळाला येतो तो वास जुन्या तांदळाचा. तो तांदळाचा नाही गं, खणाच्या मागच्या बाजूच्या बुरशीचा आहे. तिथे भिंतीची ओल आणि पुराचा गाळ अजून आहे, हात पोचत नाही म्हणून कधी निघालाच नाही. तू रोज पहाटे तिथेच तोंड घालून पीठ काढतेस आणि मग आठ वाजेपर्यंत खोकत बसतेस. डॉक्टरांनी दिलेलं औषध घेच, पण वास येतो ती जागाही मोकळी व्हायला हवी.

बाबा म्हणतील, मग नवे खण चांगल्या मरीन प्लायचे करू. हाही विचार करून झाला. मरीन प्लायवर असतो तो आयएस 710 चा शिक्का असलेल्या प्लायचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो, ते खरं आहे. पण तो गोंद टिकतो, लाकूड लाकूडच राहतं. कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून ते पाणी पितं, आणि आपल्याकडे पाणी ओसरल्यावरही चिखल कितीतरी दिवस तसाच बसून असतो. म्हणून खाली प्लाय अजिबात नको, असं ठरवलं.

हे ठरवणं सोपं गेलं ते तुमच्यामुळे. 2005 च्या पुरानंतर ओटा बांधताना सगळे विटांचे पाय घ्या म्हणत होते, आणि तुम्ही कडप्प्याचे उभे पाय लावायचा हट्ट धरलात. ते पाय आज जसेच्या तसे आहेत. ग्रॅनाइटला धक्का लागणार नाही, ओटा फुटणार नाही, घरभर धूळ उडणार नाही. मधले प्लायचे खण तेवढे बाहेर येतील, मागची भिंत खरवडून, सुकवून घ्यायची आणि स्टीलच्या ट्रॉल्या थेट कडप्प्यावर बसवायच्या. स्टील 304 ग्रेडचंच. 202 स्वस्त पडतं, दिसायला सारखंच दिसतं, पण आपल्या दमट हवेत त्याला लवकर गंज चढतो. चुंबक लावूनही दोन्हींतला फरक कळत नाही, तेव्हा बाबा, बिलावर 304 लिहून घेतल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका.

खालची दारं पीव्हीसी बोर्डाची. तुम्हाला ती आवडणार नाहीत, माहीत आहे. मलाही प्लॅस्टिकचं दार सागवानासमोर आवडत नाही. पण त्याला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि चिखल झाला तर नळी लावून धुता येतं. उष्णता मात्र सोसत नाही, म्हणून शेगडीच्या खाली दार नाहीच ठेवलेलं, तिथे स्टीलची ट्रॉली उघडी राहील. पीव्हीसीत स्क्रूची पकड प्लायइतकी नसते, म्हणून दारं अरुंद घेतली आहेत. खाली जमिनीपासून सहा इंच मोकळं सोडायला सांगितलंय. झाडू आत जाईल, आणि वाळवीने पुन्हा रेघ काढलीच तर पहिल्याच दिवशी दिसेल.

आता सागवानाचं. बाबा, ती दारं कुठेही जात नाहीत. ओट्यावरची कपाटं धडधाकट आहेत, पाणी तिथवर चढलंच नव्हतं. त्यांची फक्त सनमायका वाफेने सुटली आहे. तेव्हा वरच्या कपाटांचा सांगाडा तसाच ठेवून त्यांना तुमची सागवानी दारं लावायची. खालच्या कडेला जिथे लाकूड काळं पडलं आहे तेवढं कापून काढलं की माप बरोबर जमतं, सुतारकाकांनी मोजून पाहिलं. दारं जड आहेत म्हणून प्रत्येकाला दोनच्या जागी तीन बिजागऱ्या, आणि जांभ्याच्या भिंतीत लहान प्लग धरत नाही म्हणून कपाटांना लांब फास्टनर नव्याने मारायचे. पॉलिशचा रंग तुम्हीच ठरवा. त्यात मी बोलणार नाही.

ती दारं बसवताना तुम्ही जमिनीवर आडवे पडून टॉर्च तोंडात धरला होता आणि मी मुठीत स्क्रू घेऊन तुमच्या डोक्याशी बसले होते. मी तिसरीत होते. तुम्ही नुसता हात मागे करायचात आणि मी एक स्क्रू तळव्यावर ठेवायचे. एक खाली पडला तर तुम्ही म्हणालात, आपल्याकडे अजून आहेत. आई मागे घावन घालत होती आणि पहिलं मला तिथेच, जमिनीवर, गुळासकट दिलं होतं. मला ते स्वयंपाकघर तुमच्याइतकंच हवं आहे, बाबा. ते मोडावं म्हणून मी हे करत नाहीये.

आईसाठी काय काय केलंय ते सांगते. रोजची भांडी, कुकर आणि पिठाचा डबा सगळ्यात वरच्या ट्रॉलीत, म्हणजे गुडघे वाकवायला नकोत. बिडाचा तवाही तिथेच, तो वरच्या कपाटातून काढायचा नाही. तुझ्या बोटांना त्रास होऊ नये म्हणून मोठ्या कड्या घेतल्या आहेत, चार बोटं आत जातील अशा. वरच्या कपाटांखाली दिव्याची पट्टी येईल, मोतीबिंदू काढल्यावरही बाबांना साखर आणि मीठ चाचपून बघावं लागतं. मिसळणाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला, जिथे आहे तिथेच. विळी बसून वापरायची असेल तर तुझ्या कोपऱ्याला कोणी हात लावणार नाही. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या मात्र कडप्प्यावर ठेवू नकोस, आंबट सांडलं की त्यावर पांढरे डाग पडतात. त्यांना स्टीलचा ट्रे घेतला आहे.

काम चालू असेपर्यंत पडवीत सगळं मांडून देते. मी आदल्या शनिवारी येते. मोठं टेबल, शेगडी, पाण्याचा फिल्टर, चहाचं सामान. बाबांचा पाचचा चहा चुकणार नाही. शेगडी टेबलावरच ठेवायची, सिलिंडरपेक्षा उंच, जमिनीवर मांडायची नाही. रबरी नळी जुनी झाली आहे, ती मी नवी आणते. आईने त्या दिवसांत भाकऱ्या करायच्या नाहीत. पोळ्या-भाकरी शेजारच्या काकू देणार आहेत, मी बोलले आहे. त्यांच्याशी पैशांवरून वाद घालू नकोस.

बाबा, तुम्ही जुने खण ओढून काढायला जायचं नाही. सुतारकाकांच्या बाजूला खुर्ची टाकून बसा, चुकलं तर सांगा, पण हातोडी हातात घ्यायची नाही. बीपीची गोळी सकाळीच. ते लाल स्टूल मी पुण्याला घेऊन येणार आहे, त्यावर चर्चा नको.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं करत होते. वाशिष्ठीतला आणि शिव नदीतला गाळ काढला, आता तसं पाणी येणार नाही, असं तुम्ही म्हणता. तसंच होवो. पण 2005 नंतरही आपण हेच म्हणालो होतो. 2021 मध्ये 22 जुलैच्या त्या पहाटे तुम्ही कंबरभर पाण्यात खालचे डबे वर चढवत होतात, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. फोन लागत नव्हते, आणि मी इथे बसून तुम्ही वर गेला असाल असं धरून चालले होते. नव्या दारांच्या बिजागऱ्या क्लिपच्या आहेत, दाबल्या की दार हातात येतं. ट्रॉल्याही उचलून निघतात. सुतारकाकांनी कौतुकाने सांगितलं की पाणी यायच्या आत सगळं माळ्यावर टाकता येईल. तुम्ही तसलं काहीही करायचं नाही. पाणी चढतंय असं कळलं की आईचा हात धरायचा, औषधांची पिशवी घ्यायची आणि वरच्या काकांकडे जायचं. खाली भिजून खराब होईल असं काही ठेवायचंच नाही, म्हणून तर मी हे सगळं स्टीलचं आणि प्लॅस्टिकचं करते आहे. बुडू दे. धुऊन घेऊ.

पैशांचं अर्धं दादाने दिलं, अर्धं मी. तुमच्या एफडीला हात लावायचा नाही.

रविवारी सकाळी सुतारकाकांना फोन करणार आहे. त्याआधी बाबा, तुमची ओट्याच्या मापांची जुनी वही काढून ठेवा. सिंकखालच्या पाइपाची जागा तिच्यातच लिहिलेली आहे, आणि ती त्यांना हवी आहे.

तुमची,
मुक्ता