अभ्यासिकेच्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

सप्टेंबर 2022मध्ये भूगोलाच्या एम.ए.ला असताना मी सदाशिव पेठेतील आपल्या अभ्यासिकेत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी जागा मागण्यास आले, तेव्हा शुल्काचे बोलण्याआधी आपण विचारले होते, की किती वर्षे बसणार आणि नाही जमले तर घरी काय सांगणार. विद्यापीठात हे मला कोणी विचारले नव्हते. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याचा, खरे सांगते, रागच आला. आपण दूधवाल्याच्या हिशेबाचा कागद उलटा करून पुढे सरकवला आणि त्यावर थांबण्याची तारीख लिहायला लावली. मी 31 डिसेंबर 2024 लिहिली. हीच तारीख वडिलांना कळव, मग जागा देतो, असे आपण म्हणाला. तो फोन करायला मला चार दिवस लागले.

राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा 38 वर्षे आहे. ही सवलत खरी, पण निर्णय लांबवण्याची सोयही तीच करून देते, हे मला शेजारच्या खुर्च्यांकडे पाहून उमगले. 2023च्या आरंभी मुख्य परीक्षेची नवी वर्णनात्मक (लेखी उत्तरांची) पद्धत लगेच नको, 2025पासून लागू करावी म्हणून पुण्यात आंदोलने झाली, आयोगाने ते मान्य केले आणि आमच्यातील कित्येकांनी त्यासोबत पेठेतला आपला मुक्कामही वाढवला. माझेही मन डळमळले होते; परंतु हजेरीच्या वहीत सही करताना टेबलाच्या काचेखालचा तो कागद रोज दिसत असे.

2023च्या पूर्वपरीक्षेचा कटऑफ हुकला, त्या संध्याकाळी आपण धीराचा एकही शब्द काढला नाही. चहा मागवला आणि भूगोलातले काय आवडते, एवढेच विचारले. नकाशे, मी म्हणाले. जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याच्या, अभ्यासक्रमांची चौकशी मी त्याच आठवड्यात सुरू केली.

पुढची पूर्वपरीक्षा एप्रिल 2024पासून पुढे ढकलली जात अखेर 1 डिसेंबरला झाली. निकालापर्यंत तरी थांबावे, असे सगळे मित्र म्हणत होते. मी ठरल्या दिवशी घरी फोन केला, तर तारीख वडिलांना पाठ होती. त्यांनी फक्त गाडी कितीची आहे, ते विचारले. निकाल लागला तेव्हा मी जीआयएसच्या वर्गात होते. त्यात माझे नाव नव्हते. त्या रात्री मी रडले, पण दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवला नाही.

लॉकरची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी आणून देते. अनामत मात्र परत करू नये.

आपली,
खिडकीजवळच्या खुर्चीवरची विद्यार्थिनी